बॅटरी एक्क्याण्णव टक्के

माझी ताई जन्मापासून ऐकू शकत नाही. त्यामुळे घरात फोन असूनही तिच्यापुरता तो नसल्यासारखाच होता. लग्न होऊन ती मासवणला गेली, तेव्हा पहिली काही वर्षं तिची खुशाली आम्हाला दाजींच्या तोंडून कळायची. दाजी पालघर-मनोर रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवतात. सरळ, कमी बोलणारा माणूस. "बरी हाय ती. जेवली. तुमची आठवन काढते," अशा तीन वाक्यांत ते ताईला बसवायचे. ताई तीन वाक्यांत मावणारी नव्हे. एखाद्या लग्नाला जाऊन आली की नवरदेवाच्या मामाची चाल, आचाऱ्याचा राग, मांडवात शिरलेलं कुत्रं, सगळं ती दोन हातांनी आणि भुवयांनी आमच्यापुढे उभं करायची.

मग व्हिडिओ कॉल आला आणि ताई रोज आमच्या घरी यायला लागली. मी संध्याकाळी कामावरून परतले की आप्पा, म्हणजे आमचे वडील, माझा फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचे आणि समोर खुर्ची ओढायचे. आई गेल्यापासून बेटेगावच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. आप्पा तारापूरच्या वीज प्रकल्पात कंत्राटावर फिटर होते. शिकले फार नाहीत, पण मुलगी ऐकत नाही हे कळल्यावर त्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या खुणा बनवल्या. पुढे ताई मूकबधिरांच्या शाळेत गेली, तिथल्या खुणा घेऊन आली, आणि दोन्ही मिसळून बापलेकीची एक वेगळीच भाषा झाली. ती मला निम्मीच यायची. ताईशी बोलताना मी हातांबरोबर तोंडही हलवायचे आणि ती माझे ओठ वाचायची. त्यामुळे माझं भागायचं. आप्पा मात्र तिच्याशी तोंड मिटून बोलायचे. त्यांच्या हातांचा वेग मला कधी गाठता आला नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ताईचा जुना फोन भाताच्या खाचरात पडला. काढला, पुसला, तांदळात पुरून ठेवला, सगळे उपाय झाले. तो काही उठला नाही. आप्पा दोन दिवस डब्यासमोर नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी नवा फोन शोधायला लागले.

साधा फोन घेऊन चालणार नव्हतं. ताईच्या घरात उजेड कमी. बोटं स्पष्ट दिसायला कॅमेरा चांगला हवा, आणि तसा नवा फोन आमच्या आवाक्यात नव्हता. कंपनीतल्या एका मैत्रिणीने सांगितलं, ऑनलाइन रिफर्बिश्ड घे. म्हणजे कुणीतरी वापरून विकलेला, त्यांनी तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला. मी चार दिवसांचे चार जेवणाचे डबे तसा फोन शोधण्यात घालवले. एका हाताने पोळी, दुसऱ्या हाताने स्क्रीन. शेवटी एक सापडला. 'नव्यासारखा. तज्ज्ञांनी तपासलेला. दिवसभर साथ देणारी बॅटरी.' आणि त्याखाली हिरव्या पट्टीत, ठळक: बॅटरी हेल्थ ९१%.

त्या आकड्याने मला जिंकलं. मी तारापूर एमआयडीसीत औषधांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. प्रत्येक बॅचचा नमुना येतो, आम्ही तपासतो, शुद्धता इतके टक्के असं लिहितो आणि खाली सही करतो. आमच्या सहीशिवाय पिंप गेटबाहेर जात नाही. 'उत्तम', 'छान', 'दिवसभर' यांवर मी विश्वास ठेवला नसता. पण कुणीतरी मोजून एक्क्याण्णव लिहिलंय म्हटल्यावर मला वाटलं, तिथेही माझ्यासारखी कुणी बाई बसली असेल.

फोन आला तेव्हा आमच्याकडे ऑडिट चालू होतं. रविवारचीही सुट्टी नव्हती. खोकं कपाटात ठेवलं आणि पुढच्या रविवारी ते घेऊन मासवणला गेले. सेटिंगमध्ये जाऊन आधी बॅटरी बघितली. एक्क्याण्णव. ताईलाही दाखवलं. तिने फोन कपाळाला लावला, मग कॅमेरा चालू करून अंथरुणावरच्या सासूपासून परसातल्या कोंबड्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या उन्हाळ्यापासून उठलेल्या नाहीत. त्यांचं सगळं ताईच करते. दाजी बाजूला उभे राहून म्हणाले, "लय भारी घेतला तुमी. आता तिचं थांबायचं नाय."

अकरा मिनिटांनी थांबलं.

दुसऱ्याच संध्याकाळची गोष्ट. ताई शेजारच्या बाळंतिणीची गंमत सांगत होती, एक हात पोटावर, दुसरा हवेत, आणि चित्र गोठलं. मग कॉल तुटला. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. ताईचं लेखी मराठी सुट्या शब्दांचं असतं. 'फोन मेला. आता चार्ज.' मी लिहिलं, आधी पूर्ण चार्ज करून बसत जा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर चिडले. कॉल लागल्या लागल्या तोंडाने, हाताने, डोळे मोठे करून तिला सांगितलं की तू चार्जिंगकडे लक्ष देत नाहीस, बाकी सगळं कळतं तुला, एवढं कळत नाही का. दहाव्या-बाराव्या मिनिटाला पुन्हा काळोख. मग मेसेज: '१०० केले. खरे. शपथ.'

त्या शपथेची मला अजून लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी समोर बसून बघितलं. शंभर टक्के भरलेला फोन कॉल चालू करताच झरझर उतरला आणि सेहेचाळीसवर असताना एकदम बंद पडला. पुन्हा वायर लावली, चालू केला, सेटिंग उघडलं. बॅटरी हेल्थ एक्क्याण्णव टक्के. पुढे बारीक अक्षरात, 'बॅटरी सामान्य क्षमतेने काम करत आहे.'

मी फोन विकणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. परत करायची मुदत सात दिवसांची, ती कपाटातच संपली होती. पण सहा महिन्यांची वॉरंटी होती. चॅटवर आधी यंत्र बोललं, मग माणूस आला. निदान त्याने तसं सांगितलं.

"मॅडम, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बॅटरी ही झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटीत येत नाही. मात्र बॅटरी हेल्थ ऐंशी टक्क्यांच्या खाली गेल्यास आम्ही बदलून देतो. कृपया सेटिंगमधला फोटो पाठवा."

मी फोटो पाठवला.

"मॅडम, आपली बॅटरी हेल्थ एक्क्याण्णव आहे. ही उत्तम आहे."

"पण फोन अकरा मिनिटांत बंद पडतो."

"समजू शकतो मॅडम. पण हेल्थ उत्तम आहे."

"तोच आकडा चुकीचा असेल तर?"

तीन टिंबं हलली. मग आलं, "आकडा फोन स्वतः दाखवतो, मॅडम."

मी फोनही केला. पलीकडची मुलगी हिंदीत बोलली, आवाज गोड आणि थकलेला. "मैम, सिस्टम में नाइंटी वन दिख रहा है, मैं क्या कर सकती हूँ?" मला तिचा राग येईना. आमच्याकडेही एखाद्या बॅचबद्दल बाहेरून तक्रार येते तेव्हा मी फाइल उघडते आणि म्हणते, आमच्या नोंदीत तर बरोबर आहे. फार भांडल्यावर त्यांनी फोन तपासणीसाठी मागवला. नऊ दिवस ताई पुन्हा मुकी झाली. दहाव्या दिवशी फोन परत आला, बरोबर चिठ्ठी: दोष आढळला नाही.

खरं तर तेव्हाच मी तो विषय सोडून माझा फोन ताईला देऊन टाकायला हवा होता. आमच्या घरी प्लग खुर्चीच्या शेजारीच होता. तो खराब फोन वायर लावून आम्ही आरामात वापरला असता. इतकं सोपं होतं. पण माझ्या डोक्यात तक्रार शिरली होती. मी बरोबर आहे आणि ते चूक आहेत, हे मला त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. शिवाय तक्रार चालू असताना फोन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ठेवा, सिम बदलू नका, असं त्या चॅटवाल्याने सांगितलेलं मी निमूट पाळत होते.

दाजींनी त्यांच्या परीने मार्ग काढला. त्यांच्या घरात प्लग एकच, आतल्या खोलीत, पिठाच्या डब्यांमागे. तिथे ताई वायर लावून बसली तर चेहरा काळा आणि हात त्याहून काळे. खुणा दिसायच्या नाहीत. दाजींनी बाजारातून लांब वायरचा बोर्ड आणला आणि तो ओढत खिडकीपाशी नेला. तेव्हापासून ताई खिडकीत, भिंतीला बांधल्यासारखी बसून बोलायची. फोन एका ठिकाणी आणि बोलणारी तिथेच. कोंबड्या, परस, शेजारीण, सगळं बंद झालं. आणि लाइट गेली की सगळंच बंद. तिकडे लाइट जायला कारण लागत नाही.

डिसेंबरात एका सकाळी आप्पा चहाचा कप उचलायला गेले आणि उजवा हात उचललाच गेला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शेजारच्या काकांनी रिक्षा आणली, आम्ही पालघरला दवाखान्यात पोचलो. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय मात्र गेला, आणि जीभ जड झाली. "त्यांना सगळं कळतंय," डॉक्टर म्हणाले, "पण शब्द उमटत नाहीयेत. वेळ लागेल." तोंडातून नुसता एक घोगरा आवाज यायचा. लिहायला हात उजवा, तो मेलेला. मी 'पाणी हवं?', 'दुखतंय?', 'उशी काढू?' असं एकामागून एक विचारत राहायचे आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी ताई आली. वॉर्डात शिरली, आप्पांकडे बघितलं, रडली नाही. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हाताने विचारलं, काय? आप्पांचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. थरथरत, वाकडातिकडा, पण हलायला लागला. ताई बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने सांगितलं, पाय नाही दुखत, पाठीखाली चादरीची गुठळी आहे.

चादर नीट केली. आप्पांनी डोळे उघडले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. ज्या मुलीशी बोलता यावं म्हणून त्यांनी खुणा बनवल्या होत्या, तीच आता जगाला त्यांचं बोलणं सांगत होती. डॉक्टर राउंडला आले की आधी ताईकडे बघायचे. मी मध्ये. आप्पा ताईला सांगणार, ताई मला, मी डॉक्टरांना. उजव्या हाताच्या खुणा आता डाव्याने, तेही अर्ध्याच. मला तो हात म्हणजे नुसती थरथर दिसायची. ताईला वाक्यं दिसायची.

आठव्या दिवशी तिला जावं लागलं. सासूबाईंजवळ दाजींशिवाय कुणी नव्हतं, इतके दिवस ते रिक्षा काढू शकले नव्हते. जाताना तिने फोन दाखवून मला सांगितलं, काही अडलं की लाव, मी खिडकीतच आहे.

घरी आणल्यावर आमचं तसंच चाललं. मी कामावर गेले की शेजारच्या काकू आप्पांजवळ बसायच्या. संध्याकाळी मी फोन त्यांच्यासमोर धरायचे. ताई खिडकीत. बहुतेक दिवशी लाइट असायची. ज्या दिवशी नसायची त्या दिवशी आमच्याकडे दहा मिनिटं असायची, कधी सात. मी आप्पांना घाई करायचे. आजारी माणसाला सांगायचे, आप्पा, महत्त्वाचं आधी सांगा. त्यांचा हात घाईने आणखी थरथरायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी मी पहिली पाळी संपवून तीनच्या सुमाराला घरी आले. काकू दारातच भेटल्या.

"अगं, सकाळपासून बेचैन आहेत. काहीतरी सांगतायत. मी पाणी दिलं, भात भरवला, देवाचा अंगारा लावला. ऐकतच नाहीत."

आप्पांचे डोळे लाल झालेले. मला बघताच हात सुरू झाला. त्यातली एक खूण मला ओळखता आली, पाणी. मी पेला तोंडाशी नेला. त्यांनी तो हाताने ढकलला, पाणी अंगावर सांडलं आणि ते रडायला लागले. आजारपणात ते रडलेले मी पहिल्यांदा पाहत होते.

मी कॉल लावला. ताईने लगेच उचलला. ती खिडकीत नव्हती, ओट्यावर होती, वायर नव्हती. तिने बोटाने वर दाखवलं, लाइट नाही. मग फोनवरचा आकडा दाखवला. सत्तर.

मी फोन आप्पांच्या पुढे धरला. ताईला बघून ते शांत झाले. सावकाश, अगदी पूर्वीसारखा दम घेत, त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी पलंगाच्या कडेला, हातात फोन. मला फोनवर बाजूने ताईचा चेहरा दिसत होता आणि समोर आप्पांचा हात. ताई मध्येच मान हलवत होती. एकदा हसली. आप्पाही वाकड्या तोंडाने हसले. मला वाटलं, झालं, सुटलं.

आणि ताईचा चेहरा हसता हसता थांबला. मी क्षणभर ती बघतेय असंच धरून चालले. मग पडद्यावर 'पुन्हा जोडत आहोत' असं आलं आणि गोल फिरायला लागला.

आप्पांची नजर अधू आहे. त्यांना कळलंच नाही. ते सांगत राहिले. फिरणाऱ्या त्या गोलाकडे बघत डावा हात वर गेला, खाली आला, छातीशी थांबला, बोटं उघडली, मिटली. मी "आप्पा, थांबा, कॉल कट झालाय" असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते इतके मन लावून सांगत होते की माझ्याच्याने म्हणवेना. मी डोळे फाडून तो हात बघत राहिले. पाठ करायचा प्रयत्न केला. कसलं पाठ होतंय. न येणाऱ्या भाषेतलं एक लांब वाक्य माझ्यासमोर बोललं जात होतं आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

सांगून झालं तेव्हा त्यांनी हात खाली ठेवला आणि उत्तराची वाट बघितली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन उलटा केला.

दाजींना फोन लावला, घरी जाऊन ताईचा फोन रिक्षावर चार्ज करून द्याल का म्हणून. ते मनोरला होते. "पाशिंजर भरलंय, यितो तासाभरात," म्हणाले. तास दोन तासांवर गेला, तरी ते घरी पोचले नव्हते. लाइट संध्याकाळी उशिरा आली. तोवर आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ताईचा मेसेज आला: 'फोन मेला. आप्पा काय. सांग सांग.'

दुसऱ्या दिवशी सासूबाईंजवळ शेजारणीला बसवून ती दोन वाहनं बदलत आली. चपला काढायच्या आधी तिने मला विचारलं, पुढे काय म्हणाले? मी तिला विचारलं, आधी काय म्हणाले?

तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. आई. मोठं पाणी. मला वाटलं होतं ते प्यायचं पाणी नव्हतं, वाहतं, रुंद. तू, म्हणजे मी, लहान, एवढीशी. आईने काहीतरी डोक्यावर घेतलेलं, त्याला ताई हसली होती. मग आप्पांनी बोटं स्वतःच्या छातीवर ठेवली. मी. आणि तिथे फोन गेला.

"मी काय?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं. पुढचं तू पाहिलंस ना.

मी पाहिलं होतं. मी माझा डावा हात उचलला आणि करून दाखवायला लागले. असं वर, मग असं, इथे थांबले, बोटं अशी. ताई डोळे बारीक करून बघत होती. तिने मान हलवली. पुन्हा कर. मी पुन्हा केलं आणि ते पहिल्यापेक्षा वेगळं झालं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. तिने माझा हात धरून एक खूण बनवली, अशी होती का? असेल. मग दुसरी, अशी? तीही असेल. शेवटी तिने माझा हात सोडून दिला.

आम्ही दोघी आप्पांजवळ गेलो. ताईने विचारलं, काल काय सांगत होता, आई, पाणी, पुढे? आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी डावा हात मनगटातून एकदा झटकला. ती खूण मलाही येते. जाऊ दे.

त्या संध्याकाळी मी माझा फोन ताईला दिला आणि तिचा ठेवून घेतला. तक्रार गेली खड्ड्यात.

पण मनातून ती गेली नाही. एका सुट्टीच्या दिवशी बोईसर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे तो फोन नेला. त्याने तो उघडला, बॅटरी एका छोट्या यंत्राला लावली आणि मान न वर करता म्हणाला, "दीदी, ये कंपनी का माल नहीं है. पुरानी बैटरी है, मशीन लगा के आँकड़ा चढ़ाया है. ये इक्यानवे से नीचे कभी जाएगा ही नहीं."

बॅटरी एका बाजूने फुगलेली होती. इतकी की आतून पडदा हलकासा उचलला गेला होता.

"म्हणजे ऐंशीच्या खाली कधीच दिसणार नाही?"

"मर जाएगी, फिर भी इक्यानवे दिखाएगी."

मी म्हटलं, हेच एका कागदावर लिहून द्या, दुकानाचा शिक्का मारून. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला, वाईट नाही, ओशाळं. "लिख के नहीं दूँगा दीदी. मेरा माल भी उधर से ही आता है."

त्याने दुसरी बॅटरी घातली. ती कुठली, कितीची, मी विचारलं नाही. ती दोन तास चालते.

पालघरला ग्राहकांच्या तक्रारींना मदत करणाऱ्या एक वकीलबाई बसतात, त्यांनाही भेटले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बिल मागितलं. बिलावर फोनचं मॉडेल होतं, रंग होता, 'वापरलेला' असं होतं. बॅटरीचा शब्द नव्हता.

"एक्क्याण्णव कुठे लिहिलंय?"

"वेबसाइटवर होतं. हिरव्या पट्टीत."

"त्याचा फोटो काढला होता का?"

मी नाही म्हटलं. त्यांच्यासमोरच वेबसाइट उघडली. ते पान आता नव्हतं, तिथे दुसरेच फोन होते. त्यांच्याखालीही तशाच हिरव्या पट्ट्या होत्या. त्र्याण्णव, एकोणनव्वद, पंच्याण्णव.

"तक्रार करता येईल," बाई म्हणाल्या, "पण त्यांच्या तपासणीत दोष नाही असं निघालंय, आणि आता तर तुम्ही बॅटरीही बदलून टाकलीत. जुनी ठेवलीय का?"

दुरुस्तीवाल्याने ती फुगलेली म्हणून टाकून दिली होती. बाईंनी अर्जाचा नमुना दिला. तो मी घरी आणला, अर्धा भरला. 'नुकसान काय झाले' या रकान्यापाशी माझा हात थांबला. काय लिहायचं ते मला माहीत होतं, पण ते त्या रकान्यात बसणारं नव्हतं. अर्ज पडून राहिला.

आता उन्हाळा लागलाय. आप्पा काठी धरून दारापर्यंत येतात. जीभ थोडी सुटलीय, 'हो', 'नको' आणि ताईच्या नावासारखं काहीतरी म्हणतात. ताईकडे आता चांगला फोन आहे, ती पुन्हा परसात, ओट्यावर फिरत बोलते. मी रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास तिच्याकडून आप्पांच्या खुणा शिकते. ती मास्तरीण फार कडक आहे. तोंड हलवलं की रागावते. मला पन्नासेक खुणा नीट यायला लागल्यात, आप्पांचं साधं बोलणं बऱ्यापैकी कळतं.

परवा दुपारी ते एकटेच खिडकीशी बसून हात हलवत होते. समोर फोन नव्हता, कुणीच नव्हतं. मी दारात उभी राहून वाचायचा प्रयत्न केला. दोन-तीन खुणा कळल्या. मग त्यांचा हात वेगात गेला आणि माझ्या हातून सुटलं. मी पुढे होऊन विचारलं, "आप्पा, काय?"

त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तोंडाने म्हणाले, "नको."